राजूरचा चुना आणि ऊवेची तोरमल्ली

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेस, वणी तालुक्यांत, राजूर नांवाचें गांव आहे. महाराष्ट्रांत या नांवाचीं गांवें अनेक. गणपतीचें राजूर वेगळें, अकोले तालुक्यांतलें राजूर वेगळें. वणीजवळच्या आमच्या या राजुरास क्षेत्राचें माहात्म्य नाहीं कीं डोंगरदऱ्यांची शोभा नाहीं. दगडी कोळसा आणि चुना या दोन वस्तूंवर या गांवाचा संसार उभा राहिला. एक वस्तु काळी, दुसरी पांढरी. आणि एकेकाळीं म्हणे माणसाच्या सदऱ्यावरील धुळीच्या रंगावरून तो खाणींतून आला कीं भट्टीवरून, हें पारावर बसल्याबसल्या सांगतां येत असे. आमच्या धाकट्या भगिनीचें सासर या भागांतलें असल्यामुळें गेलीं तीस वर्षें आमचें येथें येणेंजाणें आहे. पेशानें आम्ही रसायनशास्त्राचे अध्यापक. तेव्हां दुसरे पाहुणे आमराईंत पानसुपारी करीत असतां आम्ही चुन्याच्या भट्टीपाशीं उभे असलेले दिसलों, तर त्यांत नवल नाहीं.

आज मात्र आम्हांला लिहावयाचें आहे तें राजुरास न सांपडणाऱ्या एका दगडाविषयीं. जी वस्तु गांवांत नाहीं तिचें वर्णन गांवाच्या नांवावर करण्याचा हा उद्योग कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु एखादें खनिज अमुक ठिकाणीं कां झालें नाहीं, हा प्रश्न रसायनशास्त्रांत तितकाच बोलका असतो. आणि या प्रकरणीं तर त्या प्रश्नाचें एक टोंक थेट शेतांतल्या पऱ्हाटीपर्यंत येऊन पोंचतें.

त्या दगडाचें नांव उवाइट. सिंहलद्वीपांत ऊवा नांवाचा डोंगराळ प्रांत आहे, त्यावरून १९२९ साली कुनित्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या संशोधनांतून हें नांव रूढ झालें. उवाइट ही तोरमल्लीची एक जात होय. 'तोरमल्ली' हा शब्दहि सिंहलीच. तेथील जवाहिरे निरनिराळ्या रंगांच्या, नीट न ओळखलेल्या खड्यांना सरसकट हें नांव देत, आणि युरोपियनांनीं तेंच उचलून 'टूर्मलिन' केलें. आमच्या मेजावर ऊवेकडचा एक खडा आहे. सिंहली सहाध्यायानें विद्यार्थिदशेंत दिलेला. आकार बोराएवढा, रंग जुन्या गुळासारखा तपकिरी, उजेडापुढें धरला तर कडेला किंचित् हिरवट झांक. काळी तोरमल्ली सामान्यतः लांबट, कांडीसारखी वाढते आणि तिच्या अंगावर उभ्या रेघा असतात. उवाइट मात्र बुटकें व जाडसर. आडवा छेद पाहिला तर कडा फुगलेला त्रिकोण दिसतो. काठिण्य साताच्या थोडें वर, म्हणजे कांचेवर सहज ओरखडा उमटावा इतकें. पाण्याच्या तिप्पट जड. अमुक एका पातळीवरच फुटावें असा त्याचा स्वभाव नाहीं. फुटलें तर वेडेंवाकडें फुटतें.

या खड्याच्या अंगीं एक जुनी करामत आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं डच व्यापाऱ्यांनीं सिंहलद्वीपांतून हे दगड हॉलंडांत नेले, तेव्हां कोणाच्या तरी ध्यानांत आलें कीं विस्तवाजवळ तापलेला हा दगड राखेचे कण आपणांकडे ओढून घेतो. डचांनीं त्याचें नांवच 'राखओढ्या' असें ठेविलें आणि चिलमींतली राख काढण्याकडे त्याचा उपयोग केला! रत्नाला चिलमीचा चाकर करणारी माणसें आम्हांला तरी आवडतात. पुढें १७५६ त एपिनस यानें दाखविलें कीं, तापविलेल्या तोरमल्लीचें एक टोंक धनविद्युत् व दुसरें ऋणविद्युत् धारण करतें. १८८० त पिएर व झाक क्युरी या बंधूंनीं दुसरी गोष्ट सिद्ध केली: तापविण्याऐवजीं स्फटिक नुसता दाबला तरी वीज प्रकट होते. दुसऱ्या महायुद्धांत पाण्याखालील स्फोटांचा दाब मोजण्याकरितां तोरमल्लीच्या चकत्या वापरल्या गेल्या, त्या याच गुणामुळें. प्रकाशाच्या बाबतींतहि हा दगड असाच एककल्ली आहे. एका दिशेनें पाहिलें तर फिका, दुसऱ्या दिशेनें पाहिलें तर गडद. आणि त्याच्या दोन पातळ चकत्या एकमेकींवर आडव्या धरल्या कीं पलीकडचा उजेड जवळजवळ नाहींसा होतो. चष्म्याचें भिंग खऱ्या गारेचें आहे कीं साध्या कांचेचें, हें चष्मेवाले पूर्वीं अशाच चकत्यांच्या चिमट्यांत धरून ओळखीत.

एवढे चमत्कार एकाच दगडांत कोठून आले? याचें उत्तर त्याच्या घडणींत आहे, आणि ही घडण एक्स-किरणांच्या साहाय्यानें १९५० च्या आसपास कोठें उलगडली. वर्गांत मुलांना ती समजावून देतांना आम्ही वाड्याचा दाखला देतों. वाड्याचा आराखडा ठरलेला, खोल्यांची संख्या ठरलेली. बिऱ्हाडें मात्र बदलतात. दर्शनी एक खोली आहे. तींत सोडियम राहील, कॅल्शियम राहील, क्वचित् पोटॅशियम, आणि पुष्कळदां ती रिकामीहि असते. मधल्या चौकाभोंवतीं तीन खोल्या. तेथें लोह, मॅग्नेशियम, मँगॅनीज, लिथियम, क्रोमियम, अॅल्युमिनियम असे नाना जातींचे बिऱ्हाडकरू येऊन जातात, आणि दगडाचा रंग बराचसा यांच्यावरच अवलंबून असतो. मागच्या सोप्यांत सहा खोल्या, त्या बहुधा अॅल्युमिनियमच्या. माडीवर सिलिकॉनचे सहा अणु प्राणवायूशीं हात गुंफून फेर धरून बसलेले. आणि गंमत अशी कीं, प्रत्येक फेरांतील साऱ्यांचीं तोंडें एकाच दिशेला. स्फटिकाचीं दोन टोंकें एकमेकांसारखीं नसतात व तापल्यावर त्यांवर विरुद्ध विद्युत् येते, त्याचें मूळ या एकाच बाजूला तोंड करून बसण्यांत आहे.

साधी मॅग्नेशियमची तोरमल्ली, जिला ड्रॅवाइट म्हणतात, तिच्या दर्शनी खोलींत सोडियम असतें. सोडियमच्या जागीं कॅल्शियम रहावयास आलें म्हणजे उवाइट होतें. परंतु हा बदल वाटतो तितका सरळ नाहीं. सोडियमचा विद्युद्भार एक, कॅल्शियमचा दोन. एका नव्या बिऱ्हाडानें वाड्याचा सारा हिशेब बिघडतो. म्हणून मागच्या सोप्यांतल्या सहांपैकीं एका अॅल्युमिनियमला, ज्याचा भार तीन, उठून जावें लागतें आणि त्या जागीं दोन भाराचें मॅग्नेशियम येतें. मग बेरीज पुन्हा जुळते. अंगणांतल्या शेवटच्या एका जागीं हायड्रॉक्सिल अधिक असेल तर तें उवाइट, आणि फ्लोरीन अधिक असेल तर फ्लोर-उवाइट, असा भेद २०११ च्या आंतरराष्ट्रीय नामनियमांनीं पक्का केला. या नियमांनीं तोरमल्लीच्या जाती इतक्या वाढल्या आहेत कीं, पदवी घेतांना आम्हीं जीं नांवें पाठ केलीं तीं आतां निम्मींहि पुरत नाहींत. उवाइट पूर्वीं फारच दुर्मिळ समजलें जाई. १९७७ त डन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं संग्रहांतले जुने नमुने तपासले, तेव्हां ड्रॅवाइटची चिठ्ठी लावलेले पुष्कळ खडे उवाइट निघाले. त्यामुळें त्याची दुर्मिळता थोडी उतरली खरी. तरी निर्मळ, पारदर्शक असा स्फटिक आजहि विरळाच. ब्राझीलमध्यें ब्रुमाडो येथें मॅग्नेसाइटच्या खाणींत लाल आणि हिरवे असे जे सुबक खडे निघाले, त्यांची गोष्ट निराळी.

वाड्यांतल्या एका बिऱ्हाडाचें नांव आम्हीं मुद्दाम मागें ठेविलें. तें बोरॉनचें. प्रत्येक वाड्यांत बोरॉनचे तीन अणु. प्रत्येकाभोंवतीं प्राणवायूचे तीन अणु सपाट त्रिकोणांत बसलेले. लोह जाईल, मॅग्नेशियम येईल, सोडियम सामान आवरून चालतें होईल. या तीन खोल्या मात्र कधीं दुसऱ्यास मिळत नाहींत. बोरॉन नाहीं तर तोरमल्ली नाहीं. वजनानें पाहिलें तर उवाइटमध्यें बोरॉन शेंकडा साडेतीनहून कमीच. परंतु सारा वाडा त्याच्या आधारावर उभा आहे.

आयुर्वेदाच्या रसग्रंथांतील वैक्रांत म्हणजेच तोरमल्ली, असें कांहीं वैद्य मानतात. त्या ग्रंथांत वैक्रांताचे आठ रंग सांगितले आहेत, तें तोरमल्लीस शोभतें. परंतु आठ फलकें व सहा कोण हें जें त्याचें लक्षण दिलेलें आहे, तें तीन, सहा व नऊ बाजूंच्या या स्फटिकास लावतांना ओढाताण करावी लागते, आणि ती ओढाताण आम्हांला पटत नाहीं. शिवाय अलीकडे तोरमल्लीचीं कंकणें व गाद्या 'ऋण आयन सोडतात' म्हणून चढ्या भावानें विकल्या जातात. तापविल्यावर राखेचा कण ओढणारा दगड अंथरुणांत घातल्यानें सांधे कसे बरे होतात, हें विकणाऱ्यासच विचारावें.

आतां राजूरकडे वळूं. उवाइट सांपडतें तें बहुधा संगमरवरांत अगर त्यासारख्या चुनमय खडकांत. कॅल्शियम त्याला तेथूनच मिळतें. मग राजुरास कॅल्शियमची वाण आहे काय? येथील चुनखडी पैनगंगा गटाच्या खडकांतली, कोळशाहून कितीतरी जुनी. भट्टींत ती नऊशें अंशांच्या आसपास तापवितात. शंभर किलो शुद्ध चुनखडींतून छप्पन किलो कळीचा चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कर्बवायु धुराबरोबर निघून जातो. म्हणजे चुना आहे, उष्णताहि आहे. ऊवेचे संगमरवर सुमारें ५५ कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांत ज्या आंचेवर भाजून निघाले, तिच्याहून राजूरच्या भट्टीची आंच कमी नाहीं. उणीव आहे ती दुसऱ्या गोष्टींची. ऊवेस वर मैलोगणती खडकांचा दाब होता, कर्बवायूस निसटून जाण्यास वाट नव्हती, आणि मुख्य म्हणजे त्या तप्त खडकांतून बोरॉन घेऊन हिंडणारें पाणी होतें. राजूरच्या चुनखडीला अशी भट्टी निसर्गानें दिलीच नाहीं. समुद्रतळाशीं थर बसले, कठीण झाले, तसेच राहिले. नागपूरच्या उत्तरेस देवलापारच्या बाजूस चुनखडी भाजून संगमरवर झाली आहे, आणि कुही तालुक्यांत खोबना-आगरगांवकडे टंगस्टनच्या शिरांबरोबर काळी तोरमल्लीहि आहे. विदर्भाला हा दगड अगदींच परका नाहीं. राजुरासहि तो एका रूपानें आला असलाच पाहिजे. कारण कोळशाबरोबरच्या गोंडवनी वालुकाश्मांत गारेच्या वाळूमध्यें तोरमल्लीचे बारीक कण आढळतात. सुमारें २८ कोटी वर्षांपूर्वीं नद्यांनीं दूरचे डोंगर झिजवून ते कण येथें आणून टाकले. त्याच नद्यांच्या कांठचीं अरण्यें कुजून कोळसा झालीं, फेल्स्पारासारखे नरम दगड विरघळून चिकणमाती झाले. तोरमल्लीचा कण मात्र जसा आला तसा आहे. आम्लांत टाका, विरघळत नाहीं. प्रयोगशाळेंत त्याचें पृथक्करण करावयाचें तर सोडियम कार्बोनेटबरोबर लालबुंद मुशींत वितळवावा लागतो, तेव्हां कोठें तो आपलें बोरॉन सोडतो.

आणि येथेंच आमच्या भाच्याचा प्रश्न उभा राहिला. गेल्या दिवाळींत आम्ही हाच खडा त्याच्या मुलांना दाखवीत होतों. चुलींतील राख कागदावर पसरली, खडा तापवून जवळ नेला. दोन-चार कण उडून त्याला चिकटले, आणि पोरांनीं एकच गिल्ला केला. भाचा मागें उभा होता. त्याच्या खिशांत मातीपरीक्षणाचा कागद होता. गरम पाण्यांत विरघळणारें बोरॉन त्याच्या शेताच्या मातींत दशलक्ष भागांस ०.३ भाग निघालें होतें, ०.५ च्या खालीं तें उणें समजतात. तीन वर्षें त्याच्या पऱ्हाटीची पातेगळ थांबत नव्हती. तो म्हणाला, "मामाजी, या गोट्यात बोरॉन हाये म्हणता, मंग हा कुटून पऱ्हाटीले काऊन नाही द्याचा?"

प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. बोरॉन वनस्पतींना अवश्य आहे, हें १९२३ त कॅथरिन वॉरिंग्टन या बाईंनीं घेवड्याच्या वर्गांतील एका शेंगेच्या झाडावर प्रयोग करून सिद्ध केलें. पेशींच्या भिंती बोरॉननें जोडल्या जातात. परागकणाची नळी त्यावांचून नीट वाढत नाहीं. कपाशींत तें उणें पडलें तर फूल व बोंड धरत नाहीं. कपाशीला लागतें तें किती? हेक्टरीं एखादा किलो बोरॉन म्हणजे पुष्कळ झालें. आणि शेतांत बोरॉन अगदींच नसतें असेंहि नाहीं. परंतु जमिनींतल्या एकूण बोरॉनपैकीं शेंकडा पांच भागसुद्धां बहुधा पिकाच्या हातीं लागत नाहींत. बाकीचें तोरमल्लीसारख्या खनिजांत कोंडलेलें असतें. ज्या खोल्यांत बिऱ्हाड कधीं बदलत नाहीं, म्हणून आम्ही वर्गांत कौतुकानें सांगतों, त्या खोल्यांचें दार कपाशीच्या मुळाला उघडत नाहीं. खडा कुटून शेतांत टाकला, तर भाच्याच्या पणतवंडांनाहि त्यांतून कांहीं मिळावयाचें नाहीं.

याशिवाय दुसरी अडचण चुन्याची. वऱ्हाडची काळी जमीन ज्या काळ्या पाषाणापासून झाली त्यांत बोरॉन मुळांतच थोडें. त्यांत या जमिनींत चुनकंकर भरपूर. जमीन अल्कधर्मी झाली कीं पाण्यांत असलेलें बोरॉनहि चुन्याच्या व चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतें. ऊवेच्या डोंगरांत चुना व बोरॉन एकत्र आले, त्याचें रत्न झालें. येथें थंड मातींत तेच दोघे एकत्र येतात आणि पातीं गळतात. भाच्याला आम्हीं हें सांगितलें तेव्हां तो थोडा वेळ गप्प बसला. पातेगळीला कारणें दहा असतात, ढगाळ हवा, सांचलेलें पाणी, अळी, हेंहि आम्हीं त्याला बजावलें. एका कागदावर सारा दोष बोरॉनवर ढकलणें आम्हांला शास्त्राचें वाटत नाहीं.

उपाय मात्र साधा व स्वस्त आहे. बोरॉनचा जो क्षार पाण्यांत सहज विरघळतो तो टाकणखार. सोनाराच्या दुकानांत डाग देतांना जो लागतो तोच. त्याचाच भाऊ बोरिक आम्ल, ज्याची पूड पोरें कॅरमच्या पाटावर भुरभुरतात. टाकणखार तोरमल्लीसारखा खडकाच्या आंचेंत जन्मलेला नव्हे. आटलेल्या खाऱ्या सरोवरांच्या तळाशीं तो थिजून बसतो, आणि अकरा टक्के बोरॉन असूनहि पाणी लागतांच सारें सोडून देतो. पूर्वीं तो तिबेटांतून मेंढ्यांच्या पाठीवर हिमालय ओलांडून आपल्या बाजारांत येई, आणि आपल्या 'टंकण' या शब्दावरूनच पाश्चात्यांनीं त्यास 'टिंकल' म्हटलें. लडाखांत पुगा खोऱ्यांत थोडा टाकणखार आहे. परंतु आज आपल्याकडे लागणारा माल मुख्यतः परदेशांतून येतो, आणि जगांत त्याचे सर्वांत मोठे सांठे तुर्कस्थानांत आहेत. म्हणजे राजूरच्या शेतांत पऱ्हाटीला मिळणारें चिमूटभर बोरॉन अनातोलियाच्या कोरड्या तळ्यांतलें असण्याचा संभव मोठा. पायाखालच्या वालुकाश्मांतलें नव्हे!

एका गोष्टीची धास्ती आम्हीं भाच्याला घातली. बोरॉन उणें पडणें व अधिक होणें यांतलें अंतर फार थोडें आहे. नत्राचें खत ओंजळभर अधिक पडलें तर झाड नुसतें माजतें. बोरॉन अधिक झालें तर पानांच्या कडा जळतात, आणि तें मातींतून लवकर काढतां येत नाहीं. म्हणून एकरीं चार किलोंच्या वर टाकणखार देऊं नये, तोहि सारख्या पसरणाऱ्या कोरड्या मातींत कालवून, आणि पुढच्या सालीं पुन्हा परीक्षण केल्यावांचून देऊं नये, असें आमचें सांगणें. त्याचें म्हणणें, सगळ्या शेताला एकदमच घालावा. शेवटीं असें ठरलें कीं, सहा तासांना टाकणखार द्यावा, शेजारचे सहा तास कोरे ठेवावे, आणि दोहोंकडच्या गळलेल्या पात्या आठवड्याला एकदां मोजून वहींत लिहाव्या. मोजण्याचें काम त्याच्या थोरल्या मुलीनें अंगावर घेतलें आहे. ती यंदा दहावीला आहे आणि तिचे आंकडे बापाच्या आंकड्यांहून आम्हांला अधिक विश्वासार्ह वाटतात.

हें लिहीत असतां श्रावण चालला आहे. पऱ्हाटीला पात्या नुकत्या लागूं लागल्या आहेत. पहिल्या दोन आठवड्यांचे आंकडे तिनें पत्रानें कळविले. दोन्ही बाजूंत अजून म्हणण्यासारखा फरक नाहीं. बोंड धरावयास दीड-दोन महिने अवकाश आहे.